श्वासापुरती उंची

पाण्यात पडलेला मनुष्य आपल्या संपूर्ण वजनानिशी बुडत नाही. तो बुडतो अवघ्या चार-पाच किलोंच्या भाराने, आणि फुगणाऱ्या लाइफ जॅकेटच्या निवडीचा विचार या वस्तुस्थितीपासूनच आरंभिला पाहिजे. ७० किलो वजनाचा प्रौढ इसम मानेपर्यंत पाण्यात उतरला म्हणजे त्याच्या देहाने बाजूस सारलेले पाणी त्या वजनाचा बहुतेक सर्व भार उचलून धरते. छाती श्वासाने भरलेली असेतोवर तो प्रायः तरंगतो, श्वास सोडताच सावकाश खाली जाऊ लागतो, आणि नाक-तोंडासह मस्तक पाण्याबाहेर राहावे यासाठी जे जादा बळ बाहेरून मिळावे लागते ते चार-पाच किलोंच्या भाराइतके, म्हणजे भौतिकशास्त्राच्या परिभाषेत सुमारे ५० न्यूटन, एवढेच असते. त्यामुळे धिप्पाड माणसाला मोठे जॅकेट आणि किरकोळ अंगाच्या माणसाला लहान, हा सर्रास मांडला जाणारा हिशेब पट्ट्याच्या लांबीपुरता खरा असला तरी तरंगण्याच्या बाबतीत खरा नाही. मेद पाण्याहून हलका, स्नायू आणि अस्थी पाण्याहून जड. म्हणून स्थूल गृहस्थ पुष्कळदा विनासायास पाण्यावर राहतो, आणि ज्याच्या अंगावर चरबीचा लवलेश नाही असा पिळदार बांध्याचा तरुण खलाशी त्याच्याआधी खाली जाऊ लागतो.

पाण्यापाण्यातही भेद आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी जड असल्यामुळे वर सांगितलेल्या इसमास ते पावणेदोन किलो अधिक उचलून धरते. ही सवलत धरणाच्या पाण्यात मिळत नाही. ज्यांनी दर्याचे उधाण पाहिले आहे त्यांना जलाशय निरुपद्रवी वाटतो. परंतु मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली, ही घटना धरणावर गळ टाकून बसणाऱ्या कोणीही विसरू नये. वारा सुटल्यावर जॅकेट शोधावे, त्याचे गुंतलेले पट्टे सोडवावेत आणि मग ते अंगावर चढवावे, इतका अवकाश अशा प्रसंगी मिळत नसतो. जे अंगावर असते तेवढेच उपयोगी पडते.

फुगणाऱ्या जॅकेटाच्या कल्पनेचे मूळ येथेच आहे. फोमचे जाड जॅकेट निर्धोक खरे, पण गळ फेकताना ते खांद्याला अडते, जाळे ओढताना छातीशी आडवे येते, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर ते दोन घटकाही अंगावर ठेवणे जिवावर येते; परिणामी ते नावेच्या फळीखाली, दोरखंडांच्या आणि बर्फाच्या पेट्यांच्या आड पडून राहते, आणि मालकाने ते खरेदी केले एवढीच काय ती त्याच्या उपयोगाची नोंद उरते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे वार्षिक अहवाल पाहिले तर हौशी नौकाविहारातील अपघातांत बुडून मरण पावलेल्यांपैकी पाचांत चारांहून अधिक जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, असेच वर्षानुवर्षे आढळून येते. फुगणारे जॅकेट घडी केलेल्या अवस्थेत दोन अरुंद पट्ट्यांसारखे मानेभोवती आणि छातीवर बसते, हात मोकळे ठेवते, वारा अंगाला लागू देते; म्हणून ते दिवसभर घातले जाण्याचा संभव अधिक. त्याचा सर्वांत मोठा गुण हाच, आणि जो ते घालणारच नाही त्याने ते विकत घेण्याची तोशीस सोसू नये.

प्राचीन काळापासून दर्यावर्दी लोक भोपळे आणि फुगवलेल्या पखाली यांच्या आधाराने पाणी तरून जात आले. परंतु अंगात घालण्याच्या जॅकेटाचा पद्धतशीर इतिहास सुरू होतो तो १८५४ साली, जेव्हा इंग्लंडातील जीवरक्षक नौकांच्या संस्थेतील निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाचे तुकडे शिवलेले जॅकेट तयार केले. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी बंदरात वादळाच्या तडाख्यात जीवरक्षक नाव उलटली, तिच्यावरील तेरांपैकी बारा जण गेले आणि जो एकटा वाचला, त्या हेन्री फ्रीमनच्याच अंगावर हे नवे जॅकेट होते. पुढे बुचाची जागा सावरीच्या जातीच्या कापसाने घेतली, कापसाची जागा फोमने घेतली. आणि १९२८ साली अमेरिकेत पीटर मार्कस यांनी वायूच्या नळकांड्याने फुगणाऱ्या जॅकेटाचे पेटंट मिळवले, जे दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या गळ्यात पडले.

या युद्धातीलच एक प्रसंग या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला नतमस्तक करील असा आहे. समुद्रात पडलेले वैमानिक जॅकेट फुगलेले असूनही का मरतात, या प्रश्नाचे उत्तर शुद्धीवर असलेल्या माणसावर प्रयोग करून मिळण्यासारखे नव्हते, कारण शुद्धीवरचा मनुष्य नकळत मान सावरतो, हातपाय मारतो, तोंड वर करतो. तेव्हा एडगर पास्क या तरुण ब्रिटिश भूलतज्ज्ञाने स्वतःस इथरची गाढ भूल देवविली, श्वासनलिकेत नळी बसवून घेतली आणि निरनिराळी जॅकेटे चढवून आपला निश्चेष्ट देह सहकाऱ्यांकरवी पोहण्याच्या तलावात टाकविला. कोणते जॅकेट त्या देहाचे तोंड आकाशाकडे करते आणि कोणते त्याला पालथाच ठेवते, हे सहकाऱ्यांनी काठावरून टिपून घेतले. आज आपण दुकानात जे जॅकेट हाताळतो त्याची कॉलर मानेमागे जाड का, छातीवरचा फुगा पाठीवरच्याहून मोठा का, या प्रश्नांची उत्तरे अशा प्रयोगांनी दिलेली आहेत. बेशुद्ध मनुष्याला उताणे करून त्याचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागापासून पुरेसे वर धरणे, हे लाइफ जॅकेटाचे खरे काम. आगबोटींवरील जॅकेटांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत ही उंची दीर्घकाळ १२० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभराच्या अर्ध्याहून थोडी अधिक, अशी धरलेली होती.

आता प्लावक बलाच्या, म्हणजे पाण्यात वर उचलून धरणाऱ्या बळाच्या, श्रेणी ध्यानात येण्यास अडचण पडणार नाही. आयएसओ १२४०२ या मानकाने ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन अशा चार पायऱ्या ठरविल्या आहेत. डोके वर धरायला ५० न्यूटन पुरतात हे वर सांगितले. परंतु ५० न्यूटनांचे साधन ज्याला पोहता येते, जो शुद्धीवर आहे आणि ज्याला मदत हाकेच्या अंतरावर आहे, त्याच्यासाठीच आहे, कारण पालथ्या पडलेल्या निश्चेष्ट देहाला उताणे करण्याइतके बळ त्यात नसते. १०० न्यूटनांचे जॅकेट खाडीच्या किंवा तलावाच्या संथ पाण्याला ठीक. फुगणारी बहुतेक जॅकेटे १५० न्यूटनांपासून सुरू होतात, आणि किनाऱ्यापलीकडे जाणाऱ्या हौशी मच्छीमाराने याच श्रेणीत राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. २७५ न्यूटनांचे जॅकेट जाड जलरोधक पोशाख घालणाऱ्यांसाठी किंवा अंगावर अवजारे वागवणाऱ्यांसाठी असते; त्या पोशाखात कोंडलेली हवा देहाला उताणे होऊ देत नाही, तिच्यावर मात करायला हे जादा बळ लागते. आपल्या उष्ण किनाऱ्यावर सुती सदऱ्यात गळ टाकणाऱ्याला त्याचे ओझे नको.

हे बळ येते कोठून, ते जॅकेटाची घडी एकदा उलगडून स्वतः पाहावे. आत नारिंगी किंवा पिवळ्या रंगाची हवाबंद पिशवी, तिला जोडलेली तोंडाने फुंकण्याची नळी, आणि खालच्या टोकाला अंगठ्याहून किंचित जाड असे पोलादी नळकांडे दिसते. १५० न्यूटनांच्या जॅकेटात या नळकांड्यात बहुधा ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. साधारण तापमानाला तो सुमारे साठ वातावरणांच्या दाबाखाली द्रवरूपात राहतो आणि मोकळा होताच सुमारे अठरा लिटर जागा व्यापतो. अठरा लिटर पाणी बाजूस सारले म्हणजे अठरा किलोंचा भार उचलला गेला. १५० न्यूटनांची गरज यातून भागते आणि वर थोडे बळ शिल्लक उरते. ३१ अंश सेल्सिअसच्या वर मात्र या वायूचा द्रव आणि बाष्प हा भेद उरत नाही व नळकांड्यातील दाब झपाट्याने चढतो; म्हणून जॅकेट बंद मोटारीत उन्हात किंवा नावेच्या इंजिनाशेजारी ठेवण्याचा शिरस्ता असेल तर तो मोडावा.

नळकांड्याच्या तोंडाशी धातूचे पातळ झाकण असते आणि त्याच्यासमोर टोकदार खिळा. हा खिळा झाकणात कोणी व केव्हा मारावा, या एका प्रश्नावर जॅकेटांच्या जाती पडल्या आहेत, आणि खरेदीदाराने सर्वाधिक विचार येथेच करावयाचा आहे. हाताने चालवायच्या जॅकेटात खाली लोंबणारी दोरी हिसकली की तरफ फिरते व खिळा घुसतो. यंत्र साधे, खर्च कमी, पावसाने वा फवाऱ्याने ते चुकून फुगण्याची भीती नाही. पण दोरी ओढायला शुद्ध लागते. नावेच्या काठावर डोके आपटून जो पडला, ज्याला पाण्यात पडण्याच्या क्षणीच हृदयविकाराचा झटका आला, किंवा जो भयाने गांगरला, त्याची दोरी कोण ओढणार? स्वयंचलित जॅकेटात हे काम पाण्यावरच सोपवलेले असते: ताणलेल्या स्प्रिंगला एक विरघळणारी गोळी अडवून धरते, पाणी लागताच काही सेकंदांत ती विरघळते आणि स्प्रिंग खिळा हाणते. या जातीतही हाताची दोरी आणि तोंडाची नळी असतेच, म्हणजे तिहेरी बेगमी होते. दोष एवढाच की त्या गोळीला पाणी आणि दमट हवा यांतला फरक पुरतेपणी कळत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून दोन महिने मासेमारीला बंदी असते आणि त्या काळात कोकणातल्या घरात खुंटीवर टांगलेल्या जॅकेटातली गोळी ओल खात राहते. बंदी उठल्यावर तीच गोळी भरवशाची मानून समुद्रावर जाणे म्हणजे अर्ध्या यंत्रावर विसंबणे होय.

या दोषावर तोड म्हणून तिसरी जात निघाली. स्वीडनमधील हॅमर कंपनीच्या यंत्रात गोळीला पाणी पोहोचण्याची वाट एका झडपेने बंद केलेली असते, आणि सुमारे दहा सेंटिमीटर खोल पाण्याचा दाब पडल्याखेरीज ती झडप उघडतच नाही. त्यामुळे लाटेचा शिडकावा, धो धो पाऊस किंवा किनाऱ्यावरचे खारे दव यांची त्याला बाधा होत नाही, आणि पाच वर्षांपर्यंत ते यंत्र बदलावे लागत नाही. किंमत अर्थातच अधिक पडते. माझ्या मते ज्याला परवडेल त्या कोकणातील नौकाधारकाने याच जातीची निवड करावी. ज्याला परवडणार नाही त्याने साधी स्वयंचलित जात घ्यावी आणि दर वर्षी बंदी उठताना गोळी बदलावी. हाताचे जॅकेट अशांनी घ्यावे, ज्यांचे काम कमरेभर पाण्यात उतरून किंवा सतत भिजत करावयाचे असते, किंवा जे बंदिस्त केबिनमध्ये बसतात. शेवटची अट किरकोळ वाटेल, पण तिच्यामागे मोठी दुर्घटना उभी आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये अपहरण झालेले इथिओपियन एअरलाइन्सचे विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळले, तेव्हा कित्येक प्रवाशांनी आपली जॅकेटे विमानाच्या आतच फुगविली होती. आत पाणी शिरताच ती त्यांना छताशी घेऊन गेली आणि खाली बुडी मारून दाराबाहेर पडणे त्यांना अशक्य झाले. बंद केबिनमध्ये पाणी शिरले तर स्वयंचलित जॅकेट आपल्या मालकाची हीच गत करू शकते.

कमरेला बांधण्याच्या लहान पिशवीवजा जॅकेटाची हल्ली तरुणांत चलती आहे. ते सुटसुटीत आहे खरे, परंतु फुगल्यावर ते पोटापुढे येते आणि बहुतेक नमुन्यांत पाण्यातच डोक्यावरून गळ्यात घालावे लागते. लाटांत गटांगळ्या खाणाऱ्याकडून ही करामत व्हावी अशी अपेक्षा धरणे मला रास्त वाटत नाही.

कोणी हे जॅकेट मुळीच घेऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने फुगणाऱ्या जॅकेटांना १९९६ मध्ये मान्यता दिली, पण सोळा वर्षांखालील मुलांना ती लागू केली नाही. वेगाने पाणी कापणाऱ्या जेट स्कीसारख्या वाहनांवर आणि पाण्यावरील घसरखेळांतही ती वापरू नयेत असा दंडक ठेवला, आणि ज्याला पोहता येत नाही त्याने दुसऱ्या साधनाकडे वळावे असा सल्ला दिला. फोमच्या जॅकेटाला ना गोळी लागते, ना खिळा, ना वायू. ते पाण्यात पडण्यापूर्वीही तरंगण्यास सिद्ध असते. त्यामुळे पाहुणे, मुले आणि न पोहणारी माणसे यांच्यासाठी नावेवर फोमचीच जॅकेटे ठेवावीत आणि धक्क्यावरून पाय उचलण्यापूर्वीच ती त्यांच्या अंगावर चढवावीत. तांडेलाने येथे कोणाचाही मुलाहिजा ठेवू नये.

अंगावर कसे बसते, याची परीक्षा दुकानातच होते. छातीवरचा पट्टा असा आवळावा की आत एक मूठ जाईल, दुसरी जाणार नाही. मग दोन्ही मांड्यांमधून घेऊन पुढे अडकवायचा पट्टा आहे किंवा नाही, ते पाहावे. पुष्कळ लोक हा पट्टा गैरसोयीचा म्हणून काढून टाकतात किंवा घेतच नाहीत, आणि त्यांची चूक त्यांना फुगलेले जॅकेट वर सरकून कानांशी आले आणि हनुवटी त्यातून खाली निसटली म्हणजेच कळते. हा पट्टा नसलेले जॅकेट मी कोणालाही घ्या म्हणणार नाही. शिट्टी, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या आणि रात्री मासेमारी करणाऱ्यासाठी पाण्यात आपोआप लागणारा दिवा, एवढे असले की पुरे. जॅकेट नेहमी सगळ्या कपड्यांच्या वर असावे. घट्ट रेनकोटाच्या आत ते फुगले तर छातीच आवळली जाते.

या जॅकेटाचा मालक म्हणजे एका लहान यंत्राचा मालक, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. इंजिनाच्या थरथरीने नळकांडे आट्यांत ढिले होते. प्रत्येक फेरीपूर्वी ते हाताने पिळून घट्ट करावे. दर दोन-तीन महिन्यांनी ते काढून स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलावे: त्याच्या अंगावर एकूण वजन कोरलेले असते आणि त्याहून ते दोन ग्रॅमपेक्षा अधिक कमी भरत असेल तर वायू निसटतो आहे असे समजावे. झाकणाला छिद्र पडलेले नळकांडे पाहून ओळखता येते. वापरलेले नळकांडे परत बसवून ठेवण्याचा निष्काळजीपणा अनेकांच्या हातून घडतो. वर्षातून दोनदा पिशवी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावी, सकाळी ती ढिली पडली असेल तर ठिगळ लावण्याच्या खटपटीत न पडता जॅकेट बाद करावे. मच्छीमाराला येथे अधिक जागरूक राहणे भाग आहे, कारण गळाची गरी, सुरीचे टोक आणि शिंगाळ्याचा काटा हे तिघेही या पिशवीचे वैरी. एक बारीक भोकही अठरा लिटर वायूला बाहेरची वाट दाखविते. खारे पाणी लागले की गोड्या पाण्याने धुवावे, पण त्याआधी गोळी काढून ठेवावी, आणि वाळवावे ते सावलीत.

खरेदीच्या वेळी एक चौकशी अवश्य करावी: याच आट्याचे, याच वजनाचे नळकांडे आणि हीच गोळी पुन्हा कोठे, किती दिवसांत आणि काय किमतीला मिळेल? दाबाखालचा वायू म्हणून ही नळकांडी टपालाने व विमानाने सहजासहजी जात नाहीत, आणि विमानप्रवासात ती बरोबर न्यायची तर विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते. मुंबईच्या दुकानात स्वस्त पडलेले परदेशी जॅकेट मालवणात एकदा फुगल्यानंतर नव्या नळकांड्याअभावी पुढचा सगळा हंगाम निकामी पडून राहते. म्हणून जॅकेटाबरोबरच दोन जादा संच घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. मानकाची खूण, प्लावक बलाचा आकडा आणि निर्मितीची तारीख लेबलावर नसेल तर विक्रेत्याच्या तोंडी हमीवर विसंबू नये.

त्या दोन संचांपैकी एक संच मुद्दाम खर्च करण्यासाठी आहे. जॅकेट घेतल्यावर हंगामापूर्वी एखाद्या दिवशी, पोहणारे दोघे सोबती बरोबर घेऊन, छातीभर संथ पाण्यात ते घालून उतरावे आणि ते फुगू द्यावे. तो अकस्मात होणारा आवाज, मानेला बसणारा आवळ, उताणे होताना होणारी घालमेल आणि तोंडाच्या नळीची अंधारातही सापडेल अशी जागा, या सर्वांचा परिचय आधीच करून घ्यावा. मग त्याच फुगलेल्या जॅकेटाचा मांड्यांमधला पट्टा सोडून पुन्हा तरंगून पाहावे, म्हणजे त्या पट्ट्याबद्दल कोणी वाद घालणार नाही. एका नळकांड्याची आणि एका गोळीची किंमत यात जाते. ती जॅकेटाच्या किमतीतच धरावी आणि घरात जितकी जॅकेटे तितक्यांदा, ती घालणाऱ्या प्रत्येकाकडून, हा प्रयोग करवून घ्यावा.